पाच सेंटिमीटरची निष्ठा

मी मोठ्या कापाची सर्जन होते. तळपायावर मेलॅनोमा दिसला, म्हणजे त्वचेच्या रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा कॅन्सर, की गाठीच्या कडेपासून पाच सेंटिमीटर सोडून शाईनं गोल आखायचा, त्या गोलातलं सगळं खालच्या स्नायूच्या आवरणापर्यंत उचलायचं आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची कातडी आणून लावायची. यात मला कधी संकोच वाटला नाही. उलट लहान काप घेणाऱ्यांविषयी मनात थोडी तुच्छताच असायची. त्यांना पेशंटचं रूप सांभाळायचंय, आपल्याला जीव वाचवायचाय, असा तो तोरा. आता मी तशी राहिलेली नाही. बदलायला जवळजवळ सगळी नोकरी गेली, आणि काही बाबतींत मी अजूनही बदललेले नाही, तेही इथं सांगणार आहे. ‘पूर्वी आम्ही अज्ञानात होतो, आता उजाडलं’ अशा थाटात निवृत्त डॉक्टर लिहितात, ते मला पटत नाही.

पाच सेंटिमीटरमागे नुसता हट्ट नव्हता. मी शिकत होते तो ऐंशीच्या दशकातला सरकारी रुग्णालयातला वॉर्ड. तळपायाला काळा चट्टा उठला म्हणून त्या महिन्यात कुणी येत नसे. आधी कुरूप समजून ब्लेडनं तासून झालेलं असे, मग बिब्बा घालून झालेला असे, मग गावातल्या डॉक्टरकडची ड्रेसिंगं. आमच्यापर्यंत पोचेस्तोवर चट्ट्याची गाठ झालेली आणि गाठ फुटून वास यायला लागलेला. ऑपरेशन झाल्यावर ‘महिन्यानं दाखवायला या’ म्हटलं की मान डोलावून जायचा तो जायचाच. ऊसतोडीचा हंगाम, लेकीचं लग्न, एसटीचं भाडं, कारणांना तोटा नाही. आमच्या युनिटचे सर म्हणायचे, “पेशंट आपल्याला एकदाच भेटतो. काय कापायचं ते आजच काप.” हे वाक्य मी पुढं माझ्या विद्यार्थ्यांनाही ऐकवलं. त्यातलं तथ्य मला आजही नाकारता येत नाही.

जोडीला बॉब मार्ली होता. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा निघाला. अंगठा काढायचा सल्ला त्यानं मानला नाही. नख आणि नखाखालची जागा काढून तिथं मांडीची कातडी लावून घेतली, आणि १९८१ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी गेला. लेक्चरच्या शेवटी ही गोष्ट सांगितली की मागच्या बाकावरची मुलंसुद्धा गप्प व्हायची. अंगठा कापला असता तर तो वाचला असता, असं मी कधी तोंडानं म्हटलं नाही. म्हणावंच लागत नसे. हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, हा विचार मात्र मला फार उशिरा सुचला. निदानाच्या दिवशीच पेशी पुढं निघून गेल्या असतील, तर अंगठा काय, अख्खा पाय कापूनही तो गेला असता. मी एका दुःखद गोष्टीला पुरावा म्हणून उभं करत होते, आणि मुलं ती तशी स्वीकारतही होती.

मग हे पाच सेंटिमीटर आले कुठून? विद्यार्थीदशेत मला हा प्रश्न पडला नाही. पाठ्यपुस्तकात होतं, सरांच्या तोंडी होतं, परीक्षेत विचारलं जायचं. पुढं कधीतरी मुळाशी गेले तेव्हा सापडला १९०७ साल आणि लंडनचा सर्जन विल्यम सॅम्पसन हॅन्डले. हॅन्डलेनं मेलॅनोमा शरीरात कसा पसरतो हे सूक्ष्मदर्शकाखाली शोधलं, आणि तो लसिकावाहिन्यांतून चहूबाजूंना सरकतो असा निष्कर्ष काढला. काम मन लावून केलेलं आहे. पण त्याचा आधार होता एका रुग्णाचं शवविच्छेदन. एका. तेही मूळ गाठीभोवतालचं नव्हे, पुढं पसरलेल्या दुय्यम गाठीभोवतालचं. त्यावरून हॅन्डलेनं सुचवलं की कातडी कडेपासून साधारण इंचभर घ्यावी आणि तिच्याखालची चरबी आणखी दोन इंच पोखरून काढावी. पुढच्या पिढ्यांनी कातडी आणि चरबी यांतला फरक सोडून दिला आणि सरसकट पाच सेंटिमीटर करून टाकले. सहा-सात दशकं जगभर माणसांच्या पाठी, पोटऱ्या, टाचा त्या मापानं कापल्या गेल्या. मला हॅन्डलेचा राग आला नाही. त्याच्या हाती जेवढं होतं तेवढ्यावर तो बोलला. राग आला तो आमच्या पाठांतराचा.

खरं तर मी एम.बी.बी.एस.ला असण्याआधीच या मापाचा पाया हलला होता. १९७० साली अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी मेलॅनोमाची रुंदी सोडून जाडी मोजली. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगात बारीक मोजपट्टी बसवायची आणि त्वचेच्या वरच्या थरापासून सगळ्यात खोल गेलेल्या कॅन्सरपेशीपर्यंत मिलिमीटर मोजायचे, एवढंच. पण पेशंट पुढं किती जगेल हे त्या मिलिमीटरवरून जितकं कळतं तितकं वरून दिसणाऱ्या चट्ट्याच्या आकारावरून कळत नाही. अर्ध्या मिलिमीटरचा मेलॅनोमा आणि पाच मिलिमीटरचा मेलॅनोमा यांत नावापलीकडे फारसं साम्य नाही. आम्ही दोघांनाही एकाच मापाचा गोल आखत होतो. आमच्याकडे येणाऱ्या रिपोर्टवर तेव्हा दोनच शब्द असत: ‘मॅलिग्नंट मेलॅनोमा’. जाडीचा रकाना नव्हता, आणि तो हवा असं आम्हीही पॅथॉलॉजिस्टला कधी सांगितलं नव्हतं.

१९८८ साली इटलीच्या उंबेर्तो वेरोनेसी यांच्या पुढाकारानं झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीचे निकाल छापून आले. दोन मिलिमीटरपर्यंत जाडीचा मेलॅनोमा असलेले ६१२ रुग्ण. निम्म्यांना एक सेंटिमीटरची कड, निम्म्यांना तीन किंवा जास्त. जगण्यात फरक नाही. मी तेव्हा नुकती लेक्चरर झाले होते. आमच्या जर्नल क्लबात हा लेख एका ज्युनिअरनं मांडला आणि मी तो उभा-आडवा फाडला. हे गोऱ्या लोकांचे, उन्हानं झालेले, पाठीवरचे पातळ मेलॅनोमा. आपल्याकडचे तळपायावरचे, जाड, फुटलेले. त्यांचं गणित आपल्याला लावू नका. टाळ्या मिळाल्या. आणि सांगते, हा आक्षेप पोकळ नव्हता. आपल्याकडे मेलॅनोमा मुळात कमी, आणि जे होतात त्यांतले बरेचसे तळपाय, तळहात आणि नखाखालचे. ऊन तिथं पोचतच नाही. पुढं ब्रिटनमध्ये जाड मेलॅनोमांवर चाचणी झाली तेव्हा तळहात-तळपाय तिच्यातून मुद्दाम वगळले होते. ज्या जागी मी रोज कापत होते त्या जागेविषयी ती चाचणी काही म्हणतच नव्हती.

तेव्हा मला हलवलं ते एखाद्या लेखानं नव्हे. हलवलं ते टाचांनी.

इचलकरंजीचा एक यंत्रमाग कामगार होता. टाचेवर मेलॅनोमा. शिकवल्याप्रमाणे गोल आखला, टाचेची सगळी गादी काढली, हाडावरच्या पडद्यापर्यंत गेले, मांडीची पातळ कातडी लावली. रिपोर्टमध्ये कडा स्वच्छ. मी खूश. पण टाचेची कातडी ही शरीरातली वेगळीच गोष्ट आहे. जाड, खाली चरबीच्या कप्प्यांची गादी, आणि स्पर्श शाबूत. तिच्या जागी मांडीची कागदासारखी कातडी लावली आणि तिच्यावर माणूस बारा तासांच्या पाळीला मागासमोर उभा राहिला की ती फुटते. बरी होते, पुन्हा फुटते. तो अपवाद होता. दर वेळी दाखवायला यायचा. एकदा ड्रेसिंग चालू असताना म्हणाला, “मॅडम, रोग काढला ते बेस झालं. पण उभं ऱ्हायाला काय ठिवलंय?” मी त्याला जीव वाचल्याचं सांगितलं. वर्षभरानं त्याच्या जांघेत गाठ आली आणि मग फुप्फुसात. टाचेच्या कडेला, जिथं मी पाच सेंटिमीटर राखले होते, तिथं शेवटपर्यंत काही आलं नाही.

त्यानंतर मी मागचे कागद काढून बघायला लागले. संशोधन वगैरे म्हणणार नाही. वॉर्डातल्या कपाटातल्या फायली आणि माझी वही. ज्यांचा रोग उलटला त्यांचा बहुतेक वेळा जांघेत, काखेत, फुप्फुसात, यकृतात उलटला होता. कापलेल्या कडेवर उलटणं विरळा. म्हणजे ज्या रोगाशी मी टाचेच्या कडेवर लढत होते तो तिथं नव्हताच. तो माझ्या आधी निघून गेला होता. आणि जो गेला नव्हता तो दोन सेंटिमीटरच्या आत होता. तीन सेंटिमीटरचा जो जादा पट्टा मी दर वेळी घेत होते, तो पेशंटसाठी होता की माझ्या समाधानासाठी, हा प्रश्न एकदा मनात शिरला की बाहेर निघत नाही.

यात व्यवहाराचाही भाग आहे. टाचेची जागा लहान राहिली तर तळव्याच्या मधल्या, जमिनीला न टेकणाऱ्या भागातली कातडी तिची रक्तवाहिनी आणि नस जिवंत ठेवून टाचेवर वळवता येते. ती जाड असते, तिला स्पर्श कळतो, माणूस तिच्यावर उभा राहू शकतो. पाच सेंटिमीटरच्या गोलात हा मार्ग बंद होतो, कारण त्या गोलात तळव्याची ती कातडीही जाते. दोन सेंटिमीटरनं मला हा मार्ग खुला झाला. कड कमी केल्यावर माझं ऑपरेशन सोपं झालं नाही, अवघडच झालं.

पुढं आकडे येत गेले. २०११ साली युरोपातल्या देशांनी मिळून केलेल्या चाचणीत दोन मिलिमीटरपेक्षा जाड मेलॅनोमांच्या ९३६ रुग्णांत दोन सेंटिमीटर आणि चार सेंटिमीटर यांत जगण्याचा फरक दिसला नाही. आज सर्वसाधारण पद्धत अशी: एक मिलिमीटरपर्यंत जाडी असेल तर एक सेंटिमीटर कड, दोन मिलिमीटरपर्यंत एक ते दोन, त्यापुढं दोन. म्हणजे आधी चट्टा थोड्या कडेसकट काढून किंवा तुकडा घेऊन तपासायचा, जाडी कळली की मग माप ठरवायचं. तो रकाना आता छापील फॉर्मवर आहे.

तुकड्यावरून आठवलं. ‘सुरी लागली की कॅन्सर पसरतो’ या समजुतीवर आम्ही डॉक्टर मंडळी केवढी हसतो. ओपीडीत रोज कुणी ना कुणी म्हणतं, “बाई, तुकडा नका काढू, आमच्या मावशीचा काढला नि चार महिन्यांत गेली.” मीही समजावते, वैतागते. पण आमच्या आधीच्या पिढीचे सर्जन मेलॅनोमाचा तुकडा काढायला याच भीतीनं कचरत असत. डोळ्यांनी बघून निदान करायचं, आणि तुकडा न काढता थेट मोठा काप. म्हणजे समजूत एकच होती. फक्त आमच्याकडे ती इंग्रजी पुस्तकात होती. तुकडा काढल्यानं मेलॅनोमाच्या रुग्णांचं आयुष्य घटतं असं पुढच्या अभ्यासांत दिसलं नाही. मावशी गेली ती उशिरा आल्यामुळं. पण आता त्या बाईंना अडाणी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

डोळ्यांनी निदान करायचा माझा अभिमानही असाच उतरला. तळपायावरचे काळे डाग हाताखालून इतके गेले होते की आपल्याला कळतं असं वाटायचं. मग एका त्वचारोगतज्ज्ञ मैत्रिणीनं डर्मोस्कोप हातात दिला. छोटं, दिवा लावलेलं भिंग. आता मोबाइललाही जोडता येतं. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेषा असतात: उंचवटे आणि मधल्या खाचा. जपानच्या तोशिआकी सैदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की साध्या तिळाचा रंग खाचांतून धावतो आणि मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवरून. नियम शंभर टक्के नाही, तरी इतका सरळ आहे की आता मी नर्सिंगच्या मुलींनाही शिकवते. उघड्या डोळ्यांनी मी ज्यांना लगेच टेबलावर घेतलं असतं अशा कितीतरी जणांना त्या भिंगामुळं परत पाठवलंय. आणि ज्यांना ‘लासं आहे, सोडून द्या’ म्हटलं असतं अशा काहींना थांबवलंय.

लसिकाग्रंथींच्या बाबतीत मी लवकर बदलले. तिथं मला तेवढा अभिमान नव्हता. पूर्वी पायाला मेलॅनोमा म्हटलं की जांघेतल्या सगळ्या गाठी काढायच्या. पाय सुजायचा, कायमचा. १९९२ मध्ये डोनाल्ड मॉर्टन यांनी निळा रंग टोचून, रोगाकडून निघालेली लसिका ज्या गाठीत सगळ्यात आधी पोचते ती एकच गाठ शोधून तपासायची रीत आणली. ती स्वच्छ असेल तर बाकीच्यांना हात लावायचा नाही. मग प्रश्न उरला: त्या पहिल्या गाठीत कॅन्सर सापडला तर? आम्ही म्हणायचो, तर सगळ्या काढा, यात विचारायचं काय. २०१७ साली मॉर्टन यांच्याच गटाच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीनं सांगितलं की ताबडतोब सगळ्या गाठी काढल्यानं मेलॅनोमामुळं होणारे मृत्यू कमी होत नाहीत. सूज मात्र २४.१ टक्के लोकांना, सोनोग्राफीनं नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ६.३ टक्क्यांना. जर्मनीतल्या चाचणीचा सूरही वर्षभर आधी तोच होता. मी ते ऑपरेशन सोडलं. फक्त एक अट घालते, सोनोग्राफीला यायचं कबूल असेल तर. कबूल कोण करत नाही?

मग नाकं. आपल्याकडे चेहऱ्यावरचा बेसल सेल कॅन्सर बऱ्याचदा काळपट असतो, म्हणून वर्षानुवर्षं तीळ समजून सोडलेला. तो दूरवर सहसा जात नाही, पण जागच्या जागी पोखरतो. नाकावर पाच सेंटिमीटर नव्हे, पाच मिलिमीटरसुद्धा श्रीमंती. अमेरिकेत फ्रेडरिक मोज यांनी विद्यार्थी असताना, १९३०च्या दशकात, उंदरांवर प्रयोग करताना पाहिलं की झिंक क्लोराइडनं मेलेली कातडी सूक्ष्मदर्शकाखाली जशीच्या तशी दिसते. त्यांनी त्याचा लेप कॅन्सरवर लावायचा, दुसऱ्या दिवशी थर कापायचा, त्याची अख्खी खालची बाजू तपासायची, जिथं कॅन्सर उरला असेल तिथंच पुन्हा लेप लावायचा, अशी पद्धत काढली. १९४१ साली ती छापली. लेप लावून कॅन्सर घालवणारा माणूस म्हटल्यावर सर्जनांनी नाकं मुरडली. मीही मुरडली असती. लेप या शब्दानंच माझ्या डोक्यात जत्रेतला वैदू उभा राहतो. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रोमोविच आणि स्टेगमन यांनी लेपाशिवाय, ताज्या कापावर तेच करून दाखवलं आणि पद्धत स्थिरावली. त्यातही ती त्वचारोगतज्ज्ञांच्या हातात गेली, हे आम्हा सर्जनांचं खरं दुखणं. शास्त्राचे वाद कधी कधी ओटी, म्हणजे ऑपरेशन थिएटर, कुणाची यावरच चाललेले असतात.

मोज यांचा मुद्दा पटला तो पॅथॉलॉजिस्टच्या टेबलाशी बसल्यावर. आपण जो तुकडा पाठवतो तो ते ब्रेडच्या लादीसारखा उभा कापतात आणि काही चकत्या बघतात. मधले भाग बघितले जात नाहीत. प्रत्यक्षात कडेचा एक टक्क्याहूनही कमी भाग भिंगाखाली येतो, आणि त्यावर ‘कडा स्वच्छ’ असं लिहून येतं. मोज पद्धतीत जवळपास सगळी कड बघितली जाते. म्हणजे मी जे जादा कापत होते ते न बघितलेल्या जागेचा विमा होता. माझ्या गावात मोज शस्त्रक्रियेची सोय नाही. मी करते ते एवढंच: साध्या, लहान बेसल सेलला चार मिलिमीटर कड (१९८७ साली वुल्फ आणि झिटेली यांनी दोन सेंटिमीटरच्या आतल्या गाठींत एवढ्यानं ९५ टक्के निघतात हे दाखवलंय), तुकड्याच्या बाराच्या काट्याला टाका घालून दिशा दाखवायची, आणि नाकाच्या अवघड जागी जखम त्या दिवशी बंदच करायची नाही. ओलं ड्रेसिंग ठेवायचं, रिपोर्ट आला, कडा सुटल्या, की मग गालाची कातडी वळवून नाक बांधायचं. पूर्वी मी त्याच टेबलावर सगळं उरकायचे. आता पेशंटचे नातेवाईक विचारतात, “उघडंच ठेवलंय व्हय?” हो. चार-पाच दिवस उघडंच.

आता जिथं मी हललेले नाही ते. जुन्या व्रणावर, भाजल्याच्या डागावर, वर्षानुवर्षं न भरलेल्या जखमेवर जो कॅन्सर उठतो तो निराळ्या जातीचा. त्या व्रणांचं वर्णन फ्रान्सच्या मार्जोलँ यांनी १८२८ मध्ये केलं, म्हणून त्यांच्या नावानं ओळखला जातो. चुलीवर किंवा स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायका, कुष्ठरोगानं बधिर झालेल्या पायावरची जुनी जखम असलेले लोक, आमच्याकडे हे येतात. आणि कमरेचे. १९४५ साली मुंबईच्या टाटा मेमोरियलचे व. रा. खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी धोतराच्या काचण्यानं कमरेवर होणाऱ्या कॅन्सरची नोंद केली. पुढं साडीचाही नोंदला गेला. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या मधुबनीच्या डॉक्टरांनी ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’मध्ये दोन बायकांच्या कहाण्या छापल्या. एक सत्तरीची, परकराची नाडी घट्ट बांधणारी, दीड वर्षं न भरणारी जखम. दुसरी साठीच्या शेवटाला आलेली, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं कमरेला कसून नेसणारी. तिच्या जांघेतल्या एका गाठीत कॅन्सर पोचला होता. माझ्याही कमरेवर नाडीचा काळा पट्टा आहे, आणि हा लेख वाचल्यावर मी नाडी बाजूला ठेवून रुंद पट्ट्याचा परकर शिवून घेतला, हे सांगायला हरकत नाही. तर अशा व्रणातल्या कॅन्सरला मी अजून ऐसपैस कापते. त्यातली कड हाताला लागत नाही, व्रणाच्या घट्ट कातडीत ती लपते, आणि हे कॅन्सर पुन्हा उलटण्यात पटाईत. इथं मला कुणी सेंटिमीटर कमी करायला सांगू नये.

आणि जाड मेलॅनोमाला एक सेंटिमीटरची कडही मला मान्य नाही. माझे तरुण सहकारी आता दुसऱ्या टोकाला निघालेत. जितकं कमी तितकं आधुनिक. त्यांना मी ती ब्रिटिश चाचणी वाचायला देते. दोन मिलिमीटर आणि त्याहून जाड मेलॅनोमाचे ९०० रुग्ण, एक सेंटिमीटर विरुद्ध तीन. २००४ च्या निकालात एक सेंटिमीटरच्या गटात रोग आसपास जास्त उलटला, आणि २०१६ पर्यंत पाठपुरावा केल्यावर मेलॅनोमानं गेलेले एकच्या गटात १९४, तीनच्या गटात १६५. माझ्या फायलींवरून मी काढलेला तर्क, की कडेला काही नसतंच, तो या आकड्यांपुढं पुरा टिकत नाही. म्हणून दोन. सर अजून आहेत, फोनवर विचारतात, “किती ठेवलंस?” दोन म्हटलं की म्हणतात, “घाबरलीस.” ते मला पाच सोडल्याबद्दल भित्री म्हणतात आणि ज्युनिअर एकवर न आल्याबद्दल.

सध्याचा वाद याहून मोठा आहे. २०२४ मध्ये ‘नाडिना’ या चाचणीचे निकाल आले. मेलॅनोमा लसिकाग्रंथींपर्यंत पोचलेले ४२३ रुग्ण. अर्ध्यांना आधी ऑपरेशन आणि मग औषध; अर्ध्यांना आधी इम्युनोथेरपीची दोन चक्रं आणि मग ऑपरेशन. वर्षभरानंतर रोग न वाढलेले आधी औषध घेतलेल्या गटात ८३.७ टक्के, दुसऱ्या गटात ५७.२. आमच्या बैठकीत कॅन्सरतज्ज्ञ म्हणतात, मॅडम, तुम्ही थांबा, आधी आम्ही. मी म्हणते, हे गोऱ्या लोकांचे उन्हाचे मेलॅनोमा; आपले तळपायाचे या औषधांना तेवढा प्रतिसाद देत नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे, आणि त्या दोन चक्रांच्या बिलात पेशंटचं शेत जातं. बोलता बोलता लक्षात येतं की १९८८ च्या जर्नल क्लबात मी हेच वाक्य म्हटलं होतं. तेव्हा ते अर्धं खरं निघालं होतं. आता किती निघेल सांगता येत नाही; पण ज्याच्या पायावर आज गाठ आहे आणि ज्याला औषध परवडत नाही, त्याला मी पुढच्या मंगळवारी ओटीत घेणार आहे. दोन सेंटिमीटर.